क्लारा शूमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पियानो शिकवते. वर्गात जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानची एखादी छोटी रचना सुरू झाली की त्याच्या बायकोचा, क्लाराचा विषय निघतोच, आणि मग आठवडाभर विद्यार्थ्यांचे, त्यांच्या आईवडिलांचे, कधी आजोबांचेही प्रश्न येत राहतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. पुष्कळांना ती ‘शूमानची बायको’ किंवा संगीतकार ‘ब्राम्सची मैत्रीण’ म्हणून माहीत असते. मला ती साठ वर्षं मैफली केलेली वादक आणि एक मोठी गुरू म्हणून जवळची वाटते. उत्तरांचा कल त्यामुळे तिकडेच आहे.

१. क्लारा शूमान कोण होती? अगदी थोडक्यात सांगा.

जर्मन पियानोवादक, संगीतकार आणि शिक्षिका. जन्म १३ सप्टेंबर १८१९, लाइपझिग. मृत्यू २० मे १८९६, फ्रँकफर्ट. नवव्या वर्षी ती रंगमंचावर आली आणि एकाहत्तराव्या वर्षी तिने शेवटचा जाहीर कार्यक्रम केला. तिच्या मैफलींच्या तेराशेहून अधिक छापील कार्यक्रमपत्रिका आजही जपून ठेवलेल्या आहेत.

२. काही ठिकाणी ‘क्लारा वीक’ लिहिलेलं असतं. ती वेगळी का?

नाही, तीच. वीक हे माहेरचं आडनाव. १८४० साली लग्न होईपर्यंत ती याच नावाने युरोपभर प्रसिद्ध होती, त्यामुळे तिच्या सुरुवातीच्या रचनांवर वीक आणि नंतरच्या रचनांवर शूमान असं नाव दिसतं. लग्नाच्या वेळी दोघांमध्ये नावाजलेली होती ती क्लारा. रॉबर्टला तेव्हा लोक मुख्यतः संगीतविषयक नियतकालिकाचा संपादक म्हणून ओळखत.

३. तिला वडिलांनीच शिकवलं ना? तालीम कशी होती?

हो. फ्रीडरिश वीक लाइपझिगमध्ये पियानो शिकवायचे आणि त्यांचा पियानोचा व्यापारही होता. आई मारियाने स्वतः गायिका आणि पियानोवादक होती. क्लारा चार वर्षांची होऊन गेली तरी धड बोलत नव्हती आणि तिला ऐकू येत नसावं अशी घरच्यांना शंका होती. त्याच सुमारास आई घर सोडून गेली, पुढे घटस्फोट झाला. तिथल्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मुलांवर हक्क वडिलांचा. पाचवा वाढदिवस झाला आणि काही दिवसांतच आईकडे असलेली क्लारा वडिलांच्या घरी परत आली.

तालमीची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. सुरुवातीला नोटेशन नाहीच. आधी कानाने ऐकायचं, हाताने वाजवायचं, सूर ओळखीचे व्हायचे, आणि मगच कागद समोर यायचा. हे वाचून आपल्याकडच्या तालमीची आठवण झाली नाही तरच नवल. रोज एक तास शिकवणी आणि दोन तास रियाज. त्याहून जास्त बसवायचं नाही. रोज बाहेर मोकळ्या हवेत भरपूर चालायचंही. ‘माझी मुलगी पाच-पाच तास बसते’ असं अभिमानाने सांगणाऱ्या पालकांना मी हे मुद्दाम ऐकवते. पुढे संगीतरचना, गाणं, व्हायोलिन यांचंही शिक्षण तिला मिळालं.

या शिस्तीला दुसरी बाजूही होती. तिची रोजनिशी वडिलांनी सुरू केली, आणि तीही ‘मी’ असं लिहून, जणू मुलगीच लिहीत आहे. म्हणजे स्वतःच्या मनातलं लिहायची वहीसुद्धा तिला पूर्णपणे स्वतःची मिळाली नाही. मैफलींची कमाईही त्यांच्याच हातात. माझ्या मते वीक यांच्या शिकवण्याचा मोठेपणा मान्य करावा आणि त्यांच्या मालकीहक्काच्या भावनेला मालकीहक्कच म्हणावं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

४. ती ‘बालकलाकार’ म्हणून गाजली म्हणजे नेमकं काय केलं?

२० ऑक्टोबर १८२८ रोजी लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात ती पहिल्यांदा वाजवायला बसली, तेव्हा दुसऱ्या एका वादिकेबरोबर एकाच पियानोवर चार हातांनी. दोन वर्षांनी तिथेच तिचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. १८३१ साली वायमारमध्ये वृद्ध कवी गटेंसमोर ती वाजवायला बसली, तेव्हा बाक बुटका पडतो आहे हे पाहून त्यांनी स्वतः उशी आणून दिली, अशी आठवण सांगितली जाते. नंतर त्यांनी आपली मुद्रा असलेलं पदकही तिला भेट दिलं. पुढे पॅरिसला गेली तर तिथे कॉलऱ्याची साथ, त्यामुळे श्रोतेच कमी.

खरं यश व्हिएन्नात. १८३७-३८ च्या हिवाळ्यात तिने तिथे बेथोवनचा ‘अपासिओनाता’ सोनाटा (पियानोची अनेक भागांची मोठी रचना) वाजवला आणि त्यावर कवी ग्रिलपार्त्सरने कविता लिहिली. दरबाराने तिला ‘कामरव्हिर्टुओझिन’ म्हणजे राजवादक हा किताब दिला. वय अठरा, त्यात परदेशी, प्रोटेस्टंट आणि स्त्री. त्या दरबारात ही साधी गोष्ट नव्हती. शहरातल्या उपाहारगृहांत तिच्या नावाचा केकही मिळू लागला.

५. लग्नासाठी वडिलांवर खरंच कोर्टात केस केली?

केली. रॉबर्ट शूमान वीक यांच्याकडे पियानो शिकायला आला आणि काही काळ त्यांच्याच घरी राहिला. तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. १८३७ मध्ये त्याने रीतसर मागणी घातली, वीक यांनी नकार दिला. संमतीशिवाय लग्न शक्य नव्हतं, म्हणून दोघं न्यायालयात गेले. वीक यांनी रॉबर्ट दारुडा असल्याचा आरोप केला, पण तो सिद्ध झाला नाही. एक गोष्ट कथांमध्ये सहसा गळते: दूर बर्लिनमध्ये राहणाऱ्या आईने लग्नाला संमती दिली, आणि खटल्याच्या काळात क्लाराला आसराही दिला. १२ सप्टेंबर १८४० रोजी, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लाइपझिगजवळच्या शोनेफेल्डच्या चर्चमध्ये लग्न झालं. वडिलांशी समेट व्हायला पुढे तीन वर्षं लागली.

६. आठ मुलं सांभाळून ती मैफली कशा करायची?

हा प्रश्न मला आया सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

१८४१ ते १८५४ या तेरा वर्षांत आठ बाळंतपणं. मारी, एलिझे, युली, एमिल, लुडविग, फेर्डिनांट, ऑयगेनी आणि फेलिक्स. एमिल दीड वर्षाचा होण्याआधीच गेला. घरात मदतीला माणसं होती, तरी खरी अडचण वेगळीच होती: भिंती पातळ. रॉबर्ट रचना करायला बसला की त्याला शांतता हवी आणि क्लाराचा पियानो बंद. युरोपातल्या पहिल्या फळीतली वादक स्वतःच्या घरात रियाज करू शकत नाही, हे दुःख तिने रोजनिशीत पुन्हा पुन्हा लिहिलं आहे.

तरी ती थांबली नाही. १८४२ साली रॉबर्ट अर्ध्या दौऱ्यातून घरी परतला, तेव्हा ती एकटी कोपनहेगनला गेली. १८४४ मध्ये दोघं रशियाला गेले. तिथे वाजवायची ती, आणि रॉबर्टला ‘वादिकेचा नवरा’ म्हणून मागे बसणं जड जायचं. १८४९ च्या मे महिन्यात ड्रेस्डेनमध्ये उठाव झाला तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती. रॉबर्टला सक्तीने लढायला नेतील या भीतीने दोघं आधी थोरल्या मुलीला घेऊन निसटले, आणि मग क्लारा शस्त्रधारी लोकांमधून शहरात परत गेली आणि मागे राहिलेल्या लेकरांना घेऊन आली.

मुलांना पूर्ण वेळ देता आला का? नाही. रॉबर्टच्या आजारपणानंतर (प्रश्न ७) घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालायचं. थोरल्या मुली वसतिगृहाच्या शाळेत, युली आजीकडे बर्लिनला, धाकटे घरी मदतनिसांकडे, अशी विभागणी झाली. ती ‘वाईट आई’ होती का, असंही मला विचारतात. मैफल हा तिचा छंद नव्हता. घरभाडं, शाळेची फी आणि इस्पितळाचा खर्च त्यातून निघत असे. बापाने याच कारणासाठी दौरे केले असते तर हा प्रश्न कुणी विचारला नसता.

७. रॉबर्ट दोन वर्षं इस्पितळात होता, तेव्हा ती त्याला भेटायला का गेली नाही?

२७ फेब्रुवारी १८५४ रोजी रॉबर्टने ड्युसेलडॉर्फमध्ये ऱ्हाईन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं गेलं आणि काही दिवसांत बॉनजवळच्या एंडेनिश इथल्या मनोरुग्णालयात दाखल केलं. पत्नीला पाहून त्याचं मन अधिक अस्वस्थ होईल, असं डॉक्टरांचं मत होतं आणि त्यांनी भेटीला मनाई केली होती. क्लारा तेव्हा गरोदर होती. फेलिक्सचा जन्म जूनमध्ये झाला आणि शरद ऋतूत ती पुन्हा दौऱ्यावर निघाली. १८५६ मध्ये ती प्रथमच इंग्लंडला गेली होती. तिथून परतल्यावर, २७ जुलैला, तिला शेवटी आत सोडलं. २९ जुलैला तो गेला. ती सोयीने दूर राहिली असं म्हणणाऱ्यांनी त्या काळातली तिची पत्रं वाचावीत.

८. क्लारा आणि ब्राम्स यांचं प्रेम होतं का?

ब्राम्सच्या तरुणपणीच्या पत्रांत प्रेम स्पष्ट दिसतं. वीस वर्षांचा ब्राम्स ३० सप्टेंबर १८५३ रोजी शूमानांच्या दारात आला, आणि रॉबर्टच्या आजारपणात या घराचा मोठा आधार ठरला. पुढे लग्न झालं नाही. मैत्री मात्र, रुसव्याफुगव्यांसकट, चाळीस वर्षं टिकली. १८८७ मध्ये दोघांनी एकमेकांची पत्रं परत केली. ब्राम्सने आपली नष्ट केली. क्लाराही जाळायला लागली होती, पण मारीने तिला थांबवलं. जे जळलं त्यात काय होतं याच्या कल्पना करण्यापेक्षा, नवी रचना झाली की ब्राम्स ती आधी तिला पाठवायचा आणि तिच्या मताला घाबरायचा, ही गोष्ट मला या नात्याबद्दल अधिक काही सांगते.

९. नोटेशन समोर न ठेवता वाजवायची प्रथा तिनेच सुरू केली, हे खरं का?

एकटीने नाही. पियानोवादक आणि संगीतकार लिस्टही तसं वाजवायचा. पण ही प्रथा रुजवण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. १८३७ साली बर्लिनमध्ये बेटिना फॉन आर्निम या लेखिकेला तिचं कागदाशिवाय वाजवणं चक्क उद्धटपणाचं वाटलं होतं. आज परीक्षेत मुलं पाठ नसेल तर घाबरतात. तेव्हा पाठ असणं खटकायचं. पाठांतराचा ताण मात्र उतारवयात तिलाही छळत होता, हे घाबरणाऱ्या मुलांना जरूर सांगा.

मैफलीचा आशयही तिने बदलला. लहानपणी तीही त्या काळच्या चालीनुसार हात किती वेगाने पळतो हे दाखवणाऱ्या चमकदार रचना वाजवायची. पुढे बाख, बेथोवन, शोपँ, मेंडेल्सझोन आणि रॉबर्ट शूमान हाच तिच्या कार्यक्रमांचा कणा झाला. आज आपण ज्या गांभीर्याने पियानोची मैफल ऐकतो, ती सवय श्रोत्यांना लावणाऱ्यांत ती अग्रभागी होती.

१०. तिचं वादन कुठे ऐकायला मिळेल?

तिचं स्वतःचं नाही. पण तिच्या शिष्यांची ध्वनिमुद्रणं आहेत: फॅनी डेव्हिस, अडेलिना डी लारा, इलोना आयबेनश्युट्स. डेव्हिसने १९२८ मध्ये रॉबर्टचा पियानो कन्चेर्तो (एक वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) ध्वनिमुद्रित केला. त्याच कन्चेर्तोच्या पहिल्या सादरीकरणात, ड्रेस्डेनला डिसेंबर १८४५ मध्ये, क्लारा पियानोवर होती. खरखर दुर्लक्षून डावा हात ऐका. सूर गातो, पण लय ढळत नाही.

११. शिक्षिका म्हणून ती कशी होती?

शिकवायची ती तरुणपणापासूनच. १८४३ साली लाइपझिगमध्ये संगीतकार मेंडेल्सझोनने संगीतविद्यालय काढलं तेव्हा शिक्षकांत तिचं नाव होतं. पण तिची खरी शाळा फ्रँकफर्टची. १८७८ मध्ये तिथे होख संगीतविद्यालय सुरू झालं आणि संचालक योआखिम राफ यांनी तिला पियानोची मुख्य शिक्षिका म्हणून बोलावलं. स्त्रियांना अध्यापक म्हणून नेमायचं नाही हे त्यांचं धोरण होतं; क्लाराची गणना आपण पुरुषांतच करतो, असं त्यांनी म्हटल्याचं सांगतात. कौतुक म्हणूनच म्हटलं असेल. मला ते वाचताना अजूनही टोचतं.

तिने आपल्या अटी नीट मांडल्या आणि मान्य करून घेतल्या. शिकवणी स्वतःच्या घरी, रोज दीड तास, मोठी सुट्टी, हिवाळ्यात मैफलींसाठी मोकळीक. मारी आणि ऑयगेनी या मुली साहाय्यक होत्या. नवा विद्यार्थी बहुतेक वेळा आधी त्यांच्या हाताखाली तयार व्हायचा आणि मग आईसमोर बसायचा. जगभरातून, विशेषतः इंग्लंडहून, मुलं-मुली यायची. १८९२ पर्यंत ती तिथे शिकवत होती.

शिष्यांच्या आठवणींतून तिचं शिकवणं बरंच उभं राहतं. बोटं पट्ट्यांच्या जवळ ठेवायची, वरून आपटायचं नाही; पट्टी दाबून सूर काढायचा. मनगट सैल. सूर गायल्यासारखा हवा. जलद जागा नुसती चमक दाखवायला कुणी धडाधड वाजवली की ती ओरडायची, ‘काइने पासाजेन!’ म्हणजे असे पळते तुकडे मला नकोत. तिच्या मते प्रत्येक जलद तुकड्यातही धून असते आणि ती ऐकू आली पाहिजे. हे एक वाक्य मी वर्गात रोज वापरते.

आणि लिहिलंय तसंच वाजवायचं. संगीतकाराने दिलेल्या खुणा डावलून स्वतःची लहर चालवलेली तिला खपत नसे.

१२. म्हणजे तिचं ‘घराणं’ झालं असं म्हणता येईल का?

आपला शब्द तिथे तंतोतंत बसत नाही, पण परंपरा नक्कीच आहे. वर उल्लेख केलेल्या शिष्यांबरोबर लेनर्ड बॉर्विक, माटिल्ड व्हर्न, नाटालिया यानोथा, कार्ल फ्रीडबेर्ग हीही नावं घ्यायला हवीत. व्हर्नने लंडनमध्ये सॉलोमन या प्रख्यात पियानोवादकाला शिकवलं. फ्रीडबेर्ग पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड विद्यालयात शिकवू लागला, आणि १९५० मध्ये त्याच्याकडे काही काळ शिकलेली एक मुलगी म्हणजे पुढची प्रसिद्ध गायिका नीना सिमोन. जॅझ ऐकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हा धागा सांगितला की त्यांचे डोळे चमकतात.

१३. तिने रचना करणं का सोडलं?

‘नवऱ्याने करू दिलं नाही’ हे उत्तर ऐकायला सोपं आहे, पण खरं नाही. रॉबर्ट तिला लिहायचा आग्रह करायचा, प्रकाशकही बघायचा. मात्र मुलं आणि सदा कल्पनेत रमलेला नवरा यांच्यासोबत रचना जमत नाही, हेही त्यानेच त्यांच्या सामाईक रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. तिचा स्वतःवरचा विश्वास डळमळीत होता. वयाच्या विसाव्या वर्षी तिने लिहिलं की स्त्रीने रचना करण्याची इच्छाच धरू नये, आजवर कुणाला ते जमलेलं नाही. आणि हे लिहिणाऱ्या मुलीने सोळाव्या वर्षी स्वतःचा कन्चेर्तो मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली वाजवलेला होता!

मला सगळ्यात बोलकी वाटते ती १८५३ सालची गोष्ट. जानेवारीत कुटुंब ड्युसेलडॉर्फच्या बिल्कर रस्त्यावरच्या घरात गेलं. तिथे क्लाराला प्रथमच अशी खोली मिळाली की तिचा आवाज रॉबर्टच्या कामात येणार नाही. त्याच उन्हाळ्यात तिने ओपस (रचनेचा क्रमांक) २० ते २३ एवढं सगळं लिहिलं: रॉबर्टच्या धुनेवरची व्हेरिएशन्स (एकाच धुनेची वेगवेगळी रूपं), पियानोचे रोमान्स (छोट्या भावपूर्ण रचना), व्हायोलिन-पियानोचे तीन रोमान्स आणि सहा गीतं. पुढच्या फेब्रुवारीत रॉबर्टची उडी. त्यानंतर जवळजवळ काही नाही. एक खोली आणि एक उन्हाळा मिळाला, तर एवढं झालं.

१४. तिने रॉबर्टच्या रचना जाळल्या म्हणतात. हे कसं समर्थनीय?

मला हे समर्थनीय वाटत नाही. रॉबर्टने १८५३ मध्ये चेलोसाठी लिहिलेले पाच रोमान्स तिने १८९३ मध्ये नष्ट केले. १८५३ मधलाच त्याचा व्हायोलिन कन्चेर्तोही तिने छापू दिला नाही. तो १९३७ पर्यंत जाहीरपणे वाजला नाही. शेवटच्या रचनांवर आजाराची छाया आहे आणि त्यामुळे त्याच्या नावाला बाधा येईल, अशी भीती तिला वाटत होती. पण तिनेच ब्राम्सच्या मदतीने रॉबर्टची समग्र आवृत्ती संपादित केली (१८८१ ते १८९३), आणि ज्या काळात त्याचं संगीत अवघड समजलं जाई तेव्हा ते गावोगावी वाजवून रुजवलं.

१५. ती युरोपातली पहिली महिला पियानोवादक होती का?

नाही. तिच्या आधी मारिया तेरेसिया फॉन पाराडिस होती, आणि समकालीन मारी प्लेयेलही मोठी वादक.

१६. लिस्टशी तिचं का पटत नव्हतं?

सुरुवातीला पटत होतं. लिस्टने पागानिनीच्या धुनांवरच्या आपल्या अभ्यासरचना तिलाच अर्पण केल्या. पुढे तिला त्याचा दिखाऊपणा असह्य झाला. त्याने रॉबर्टला अर्पण केलेला बी मायनर सोनाटा घरी आला तेव्हा रॉबर्ट इस्पितळात होता. ब्राम्सने तो वाजवून दाखवला आणि क्लाराने त्याला निव्वळ गोंगाट ठरवलं. या बाबतीत मी तिच्या बाजूने नाही.

१७. माझी मुलगी अजून खालच्या ग्रेडला आहे. क्लाराची कोणती रचना वाजवता येईल?

खरं सांगायचं तर इतक्यात नाही; तिच्या रचनांना सराईत हात लागतात. आधी रॉबर्टचा ‘आल्बम फ्युअर डी युगेंड’ हा बालसंग्रह घ्या. १८४८ मध्ये थोरली मारी सात वर्षांची झाली तेव्हा तिच्या वाढदिवसासाठी त्याची सुरुवात झाली. तोवर क्लाराचं ऐकायला लावा: ओपस १७ पियानो ट्रायो, ओपस २२ चे व्हायोलिन रोमान्स आणि ओपस ७ कन्चेर्तोचा मधला भाग. त्या भागात सगळा वाद्यवृंद गप्प बसतो आणि फक्त पियानो आणि एक चेलो बोलतात. घरात कीबोर्ड असला तरी कान तयार करायला काही अडत नाही.

१८. जर्मन नोटेवर तिचं चित्र होतं का?

होतं, शंभर मार्कच्या नोटेवर, १९९० पासून युरो येईपर्यंत. मागच्या बाजूला ग्रँड पियानो आणि होख विद्यालयाची इमारत. जर्मनीत राहणाऱ्या वाचकांनी लाइपझिगचं इन्झेल रस्त्यावरचं लग्नानंतरचं घर आणि त्स्विकाउचं शूमान संग्रहालय बघावं.

१९. ती शेवटपर्यंत वाजवत होती का?

मध्ये मोठे खंड पडले. १८७३ नंतर उजव्या हाताच्या दुखण्याने तिला दीर्घकाळ दौरे थांबवावे लागले. ती पुन्हा उभी राहिली. पुढे ऐकू येण्याचा त्रासही सुरू झाला. १८७२ ते १८९१ या काळात युली, फेलिक्स आणि फेर्डिनांट गेले, लुडविग मनोरुग्णालयातच राहिला, आणि फेर्डिनांटच्या मुलांचा भार आजीवर आला. शेवटचा जाहीर कार्यक्रम १२ मार्च १८९१ रोजी फ्रँकफर्टला झाला. ब्राम्सची हायडनच्या धुनेवरची व्हेरिएशन्स तिने दोन पियानोंवर, एका सहकाऱ्याबरोबर वाजवली.

१८९६ च्या मार्चमध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. अंथरुणावर असताना तिने नातवाला पियानोवर बसवलं आणि रॉबर्टचा एफ शार्प मेजरमधला रोमान्स वाजवायला सांगितला. तिने ऐकलेलं ते शेवटचं संगीत. बॉनच्या जुन्या दफनभूमीत रॉबर्टशेजारी तिला पुरलं, तेव्हा लांबचा प्रवास करून आलेला ब्राम्स तिथे उभा होता.